दैव आणि कठडा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात ज्याच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे, त्या मिळकतदारावर १९९२ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी जी बंधने घातली आहेत, ती वरवर पाहता निव्वळ गवंड्यासुतारांच्या मापांची वाटतात. कुंपण निदान १.२ मीटर उंच असावे. उभ्या गजांमधील फट १०० मिलिमीटरहून अधिक नसावी. ज्यावर पाय देऊन मूल वर चढेल अशी खुर्ची, कुंडी किंवा फांदी कुंपणालगत नसावी. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडावे, आणि ते कोठेही सोडले तरी आपोआप मिटून त्याची खिटी अडकावी. तपासणीस आलेला अधिकारी फाटक तसूभर उघडतो, हात काढून घेतो आणि वाट पाहतो. खिटी अडकली नाही, तर मालकाला दाखला मिळत नाही.

या मापांच्या मागे एक अतिशय प्राचीन धर्मप्रश्न उभा आहे. जो न बोलावता आपल्या हद्दीत आला आणि आपल्या पाण्यात बुडाला, त्याच्या मृत्यूचे पातक कोणाच्या माथी?

यहुदी धर्मशास्त्राने या प्रश्नाला जितक्या स्पष्टपणे हात घातला, तितक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी घातला असेल. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर तेथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायल हाच ग्रंथ आपला मानतात. बाराव्या शतकात मायमोनिडीस या शास्त्रकाराने ही आज्ञा अंगणातील विहिरीस आणि खड्ड्यासही लागू असल्याचे सांगून, त्याभोवती दहा मुठी उंचीची भिंत घालावी किंवा त्यावर झाकण बसवावे, असा निर्णय दिला. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती तालमुद या यहुदी ग्रंथातील चर्चा. मूळ आज्ञेत, जो अद्याप पडलेला नाही त्यालाच ‘पडणारा’ म्हटले आहे. यावरून तेथील आचार्यांनी असा अर्थ काढला की, त्या मनुष्याचे पडणे सृष्टीच्या आरंभापासूनच ठरलेले असेल, तथापि ते ज्याच्या गच्चीवरून घडले तो त्यामुळे निर्दोष ठरत नाही, कारण अपराध घडतो तो अपराध्याच्याच हातून.

आपल्याकडे अशा प्रसंगी ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मातेला या शब्दांनी धीर येत असेल, तर ते अवश्य उच्चारावेत. पण तेच शब्द तलावाच्या मालकाने स्वतःच्या बचावासाठी उच्चारणे हे मला घोर अधर्माचे वाटते. जैन आचार्य उमास्वाती यांनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध वृत्तीला, प्रमुख स्थान दिले, आणि पुढील टीकाकारांनी त्यातून असे प्रतिपादिले की, यत्नपूर्वक चालणाऱ्या साधूच्या पावलाखाली एखादा जीव मेला तरी त्याला हिंसेचे पाप लागत नाही. उलट, जो प्रमत्त आहे त्याच्याकडून कोणी मेला नाही तरी हिंसा घडलेलीच असते. या न्यायाने पाहता, उघड्या फाटकाला वीट टेकवून ठेवणारा गृहस्थ, त्याच्या तलावात आजवर कोणी बुडाले नसले तरी, दोषी ठरतोच. आणि कोणी बुडण्याची वाट न पाहता त्याला दंड करणारा न्यू साउथ वेल्सचा कायदा उमास्वातींच्या फार जवळ जाऊन पोहोचतो.

विहिरीत पडू लागलेले मूल पाहून कोणाचेही काळीज चरकते, यावरून चीनमधील तत्त्वज्ञ मेन्शियस याने मनुष्याची करुणा उपजत असल्याचे प्रतिपादन केले. ते खरे आहे. मात्र त्या करुणेला पाहणारा माणूस लागतो, आणि बुडणारे मूल बहुधा आवाज न करता, कोणी पाहत नसताना बुडते. आई क्षणभर वळते, बापाला दुपारी डुलकी लागते. आपोआप मिटणारे फाटक या मानवी उणिवेची आधीच तजवीज करते, म्हणून त्यात मला मायेचाच एक परिपक्व प्रकार दिसतो.

त्याच कायद्याने १ जुलै २०१० पूर्वीच्या, दोन हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीवरील तलावांना, घराची दारेखिडक्या सुरक्षित असतील तर, भोवतालच्या कुंपणातून सूट दिली आहे. ही सवलत मला मान्य नाही. दोन वर्षांच्या मुलाला तारीखही कळत नाही आणि क्षेत्रफळही कळत नाही.

विहीर, तळे खोदणे याला आपल्या धर्मशास्त्राने पूर्तकर्म म्हणून पुण्यप्रद मानले, आणि आज महाराष्ट्रात गावोगावी शेततळी होत आहेत हे चांगलेच आहे. पण प्लास्टिक अंथरलेल्या त्यांच्या निसरड्या उतारावरून घसरलेल्या मुलाला धरायला काहीही मिळत नाही. म्हणून शेततळे खोदणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, कुंपणाचा खर्च खोदाईच्या खर्चातच धरावा, आणि कुंपण पुरे झाल्याखेरीज तळ्यात पाणी सोडू नये.