दम की जीव?

तुर्भ्याच्या बाजूने एपीएमसी मार्केटकडे वळले की कांद्याचा वास आधी येतो आणि मार्केट मागाहून दिसते. ट्रक, टेंपो, हातगाड्या, गोण्या आणि माणसे यांच्या गर्दीतून वाट काढीत मी गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिथल्या एका गॅरेजात जाऊन बसलो होतो. गॅरेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. मोटारीतले मला काही कळते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. स्कूटरचा प्लग काळा पडला होता, एवढेच निमित्त.

तिथे एक पांढरी मारुती ८०० उभी होती. तिचा मालक कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिणारा. आणि एका उपड्या क्रेटवर त्याचे वडील बसलेले, निवृत्त माथाडी. हे कुटुंब दर दिवाळीला पाटण तालुक्यातल्या आपल्या गावी जाते. मागल्या वर्षी पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढताना गाडीने मध्येच धाप टाकली, पाणी उकळले, आणि मागच्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवून सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मुलाला ते लागले होते. "गाडी विकायची नाही," तो म्हणाला, "बाबांनी घेतलेली आहे. पण तिची ताकद वाढवून द्या."

माझ्या विद्यार्थ्याने हात पुसत पुसत दोन उपाय सांगितले. या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे. अश्वशक्ती चाळिसाच्याही आत. एक तर त्याच इंजिनाला टर्बो बसवायचा. सायलेंसरवाटे जो धूर वाया जातो त्याच्या जोराने एक चक्र फिरते, मिनिटाला लाखाच्या पुढे, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून स्फोट मोठा. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनियराने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते. दुसरा उपाय म्हणजे हे इंजिनच उतरवायचे आणि त्याच घराण्यातले थोरले, झेनचे ९९३ किंवा एस्टीमचे १२९८ घनसेंटिमीटरचे, त्या जागी बसवायचे. "एकात दम भरायचा, दुसऱ्यात जीवच बदलायचा," तो म्हणाला, आणि माझ्या प्लगाकडे वळला.

प्लग पाच मिनिटांत साफ झाला. त्याचे ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

मराठीत 'दम' हा शब्द मोठा विलक्षण आहे. दम म्हणजे श्वास. दम धरणे म्हणजे धीराने थांबणे. आणि दम देणे म्हणजे धमकावणे. टर्बो इंजिनाला दम देतो तो यांपैकी कोणता, हे इंजिनालाच विचारायला हवे. कोंबलेली हवा तापते. स्फोट वेळेआधी होऊ लागतो, आतून ठोके ऐकू येतात. ज्या पिस्टनांनी वीस वर्षे आपापल्या मापाचा भार सोसला, त्यांच्यावर उतारवयात दीडपट भार पडतो. वरून पाहणाऱ्याला मात्र वाटते, वा, म्हातारी कशी पळते आहे! या उपायाची गोडी अशी की त्यात कोणाचा त्याग करावा लागत नाही. जुन्याचा मान राखला असे आपण म्हणतो, आणि मान राखता राखता त्याला जाळून टाकतो.

हे मी इंजिनाविषयी लिहितो आहे खरे, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तो गॅरेजवालाच होता, आठवीतला. मुलगा हुशार, विशेषतः हाताने. मी त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी निवडले आणि सकाळी एक तास, संध्याकाळी दोन तास असा कोंबत गेलो. त्याच्या भल्यासाठीच, निदान तेव्हा मी तसेच म्हणत होतो. शाळेच्या फलकावर एक नाव वाढावे, हा हेतू त्यात किती होता ते आता सांगवत नाही. परीक्षेच्या आधी महिनाभर तो शाळेतच आला नाही. आला तेव्हा साधी उदाहरणेही त्याला सुटेनात. आतून ठोके येत होते, मला ऐकू आले नव्हते. आज तो मला चहा पाजतो आणि त्या गोष्टीविषयी चकार शब्द काढीत नाही. ही त्याची थोरवी. माझी सुटका नव्हे.

पण म्हणून टर्बोला पापी ठरवून मोकळे होता येत नाही. जपानमध्ये १९८७ साली सुझुकीने आल्टो वर्क्स नावाची चिमुकली गाडी काढली. इंजिन अवघे ५४३ घनसेंटिमीटरचे, आपल्या मारुतीपेक्षाही धाकटे, आणि टर्बोच्या बळावर अश्वशक्ती ६४. ती गाडी काही जळून गेली नाही. कारण तिचे पिस्टन, तिचे तेलपाणी, तिचा सगळा पिंडच त्या दमाच्या हिशेबाने घडवलेला होता. तालमीत वाढलेल्या पोराने जोर मारणे वेगळे आणि पेन्शन घेतलेल्या कारकुनाला आखाड्यात उतरवणे वेगळे.

मग जीव बदलणे बरे काय? मला ते अधिक प्रामाणिक वाटते. जुने थकले, हे त्यात उघड कबूल करावे लागते. पण तिथेही एक गोम आहे. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात परकायाप्रवेश केला, ती कथा आपण ऐकलेली असते. राजा उठून बसला म्हणून आपण थक्क होतो, पण त्या देहाला हा नवा जीव पेलला की नाही, याची चौकशी कथेत कोणी करीत नाही. मारुतीचे ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, तिचा सहा-साडेसहाशे किलोंचा हलका सांगाडा, हे सारे चाळीस घोड्यांशी केलेले करार आहेत. वर साठ-सत्तर घोडे जुंपले तर घाट चढताना मजा. उतरताना ब्रेकला विचारा. ताकद वाढवण्याची बोलणी नेहमी इंजिनाशी होतात. ब्रेकला कोणी बैठकीला बोलावीत नाही.

गॅरेजवाल्याने कायद्याचीही अडचण सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. त्याच जातीचे इंजिन परवानगी काढून बसवता येईल, थोरले नाही. "लोक गुपचूप करून घेतात," मालक म्हणाला. त्यावर माझा विद्यार्थी नुसता हसला. पुस्तकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे, अशी गाडी घाटात कोणाच्या अंगावर गेली तर पुस्तकातल्या नावाने उत्तर कोण देणार?

इतका वेळ म्हातारा गप्प होता. मशीद बंदरचा बाजार वाशीला यायच्या आधीपासून त्याने पाठीवर माल वाहिलेला. माथाड्यांचा कायदा १९६९ साली झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती, हे तो असे सांगत होता की जणू कालच सभा उठली आहे. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या वेळी शंभर किलोची गोण असायची. मुकादम म्हणायचा, दम काढ, आणि पाठीवर थाप मारायचा. दम नाही निघाला तर दुसरा गडी उभाच असायचा. दोनच उपाय. ह्याला पिळा, नाहीतर त्याला आणा. आम्ही भांडलो ते कशासाठी? पन्नास किलोच्या वर गोण भरू नका म्हणून. गड्याबद्दल सगळे बोलायचे हो, गोणीबद्दल कोणी बोलायचं नाही."

मुलाला हे पटले नाही. "बाबा, माणसं कमी कशी करणार? दिवाळी आहे." त्याचेही चूक नव्हते. घरातली माणसे म्हणजे काही कांदे नव्हेत. शिवाय काही ओझी खरोखरच उतरवता येत नाहीत. आजारी माणसाला घेऊन घाट चढायचा असेल तर गाडीला दमदार केलेच पाहिजे, आणि तेव्हा मी तरी पैसे मोजून दुसरी गाडी करीन, या म्हातारीला पिळणार नाही. पुरूने बापाला तारुण्य दिले म्हणून आपण पुरूचे गोडवे गातो. ययातीने ते मागावे की नाही, हा प्रश्न मात्र घरोघरी अजून तसाच पडून आहे.

अखेर गॅरेजवाल्याने ना दम भरला ना जीव बदलला. रेडिएटर धुतला, पंख्याचा बिघडलेला स्विच आणि क्लच प्लेट नवी टाकली, ब्रेक बदलले. थोरला नातू एसटीने जाणार असे ठरले. त्याला तेच हवे होते, मित्र बरोबर होते. निघायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. डिकीत कांद्याची एक गोण, बटाट्याची एक, फराळाचे डबे. म्हाताऱ्याने डिकी उघडली, कांद्याची गोण स्वतः ओढून खाली घेतली आणि गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली.

"गावाला कांदा पिकतो की," तो मुलाला म्हणाला, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.