प्रतिष्ठित कोण, कशाने?

श्रावणात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपती एकमेकांना खेटून उभे असतात. कुठे साच्यातून नुकत्याच काढलेल्या मूर्ती, कुठे वाळत ठेवलेल्या, कुठे रंगवलेल्या, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी झालेल्या. मराठी व्याकरणात ‘काढलेल्या’, ‘रंगवलेल्या’ अशा शब्दांना धातुसाधित विशेषणे म्हणतात. इंग्रजीतही ‘पेंटेड’, ‘ब्रोकन’ ही क्रियापदाचीच रूपे नामाआधी येऊन विशेषणाचे काम करतात. साध्या विशेषणापासून ती वेगळी ओळखायची तर कर्ता जोडून पाहावा. ‘कुंभाराने रंगवलेली मूर्ती’ एवढे म्हणून थांबता येते. ‘कुंभाराने सुंदर मूर्ती’ एवढे म्हणून थांबता येत नाही. ‘रंगवलेली’ या शब्दाच्या पोटात करणारा अजून शिल्लक आहे, ‘सुंदर’मध्ये तो कधी नव्हताच. मूर्तीचे देवत्व या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे विशेषण आहे? ते ‘रंगवलेली’च्या रांगेतले आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या पूजाविधीतच आहे.

बाजारातून आणलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेनंतरच पूज्य होते. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि मग तीच मूर्ती पाण्यात सोडायला हरकत उरत नाही. मातीत, रंगात, आकारात तसूभर फरक पडलेला नसतो. विसर्जन न होणाऱ्या मूर्तीचेही तसेच. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती १७१५ साली मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापित झाली. २०१५ साली झिजलेल्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाले, तेव्हाही आधी कलाकर्षणाचा, म्हणजे मूर्तीतले देवत्व काढून घेण्याचा विधी झाला. जे विधीने येते आणि विधीने काढून घेता येते, त्याला दगडाचा अंगभूत गुण कसे म्हणावे? यावर कोणी स्वयंभू देवस्थानांकडे बोट दाखवील. पण ‘स्वयंभू’ म्हणजे आपण होऊन झालेला. तिथेही ‘होणे’ सुटत नाही, फक्त कर्ता बाहेरचा नसतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: माणसाने केलेले देवत्व म्हणजे मनाचे खेळच नव्हेत का? मला हे पटत नाही. भाजलेली वीट कोणीतरी भाजलेली असते, म्हणून तिचा टणकपणा काल्पनिक ठरत नाही. एखादी गोष्ट घडवली गेली एवढ्याने ती खोटी ठरत नाही. तिच्यामागे कोणीतरी जबाबदार आहे, एवढेच त्यातून कळते.

अडचण होते ती कर्ता विसरला जातो तेव्हा. ‘शुद्ध’ हेही मुळात असेच संस्कृत धातूपासून झालेले रूप, पण आज त्यातली क्रिया कुणाला जाणवत नाही. म्हणून तर ‘मंत्राने शुद्ध केलेले पाणी’ असे आणखी एक ‘केलेले’ जोडावे लागते. ‘प्रतिष्ठित मूर्ती’ म्हटल्यावर कोणी, केव्हा प्रतिष्ठा केली हे विचारता येते. ‘प्रतिष्ठित घराणे’ म्हटल्यावर तो प्रश्न कुणी विचारीत नाही. प्रतिष्ठा जणू रक्तातूनच आलेली असते. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणाच्या मुळाशी मला हीच गफलत दिसते. १८९९च्या सुमारास शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला, तो जन्मसिद्ध गुणाच्या नावाखाली. पण परंपरेचे स्वतःचे शब्द पाहा: वेदाधिकार ‘उपनीता’चा, म्हणजे मुंज झालेल्याचा, राज्य ‘अभिषिक्ता’चे, म्हणजे अभिषेक झालेल्याचे. दोन्ही शब्दांत क्रिया आहे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांची आधी मुंज झाली आणि मग राज्याभिषेक. विरोधक म्हणतील, संस्कार अधिकार निर्माण करीत नाही, जन्माने असलेलाच उघड करतो. तसे असेल तर रायगडावर जो अधिकार उघड झाला, तो त्याच छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या वारसाच्या वेळी झाकला कसा गेला? आणि अधिकार संस्काराने निर्माण होतो म्हणावे, तर ज्याच्यावर संस्कार करायचेच नाकारले, त्याला असंस्कृत म्हणण्याचा हक्क नाकारणाऱ्याला कुठून मिळाला? या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर जन्माच्या बाजूने उभे राहणाऱ्यांना द्यावे लागते, आणि मला ते कुठेच सापडत नाही.