सोडवणारा आप्त

शास्त्रपाठ : लेवीय २५:२३-२८, रूथ ४:१-११



'सोडवणूक' म्हणताच आपले मन पापक्षमेकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात हा शब्द शेताच्या बांधावर उभा आहे. भाऊबंदाने कंगाल होऊन वतन विकले, तर जवळच्या आप्ताने ते सोडवावे. भूमी परमेश्वराची, इस्राएल तिच्यावर उपरी. म्हणून मोल ठरे ते योबेल वर्षापर्यंतच्या पिकांचे. भूमी कायमची विकताच येत नसे.

बवाजाहून जवळचा एक आप्त होता. अलीमलेखाचे शेत घ्यायला तो चटकन तयार झाला. पण शेताबरोबर मवाबी विधवा रूथही येते हे कळताच त्याने पायतण काढून दिले. शेत हवे, माणूस नको! मग बवाजाने वेशीत बसवलेल्या दहा वडिलांना साक्षी ठेवून ते शेत सोडवले.

वेशीतला हा व्यवहार मनात ठेवून जोयडा तालुक्याकडे पाहा. काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. रानात राहिलेल्यांच्या कुमरी शेतीवर इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकातच बंधने घातली होती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कित्येक शेते कागदोपत्री रानच राहिली.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात अनुसूचित जमातींबाहेरच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जोयड्यातील कुणब्यांना त्या जमातींत घ्यावे, ही मागणी जुनी आहे. ज्याच्या आज्याला अक्षरओळख नव्हती, त्याने कागद कोठून आणावा?

पण २००८ च्या नियमांत मला बेथलेहेमची वेस दिसली. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष तेथे पुरावा धरली आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानेही. एकाहून अधिक पुरावे मात्र लागतात. अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांनी धरू नये, असे २०१२ च्या दुरुस्तीने सांगितले.

मग आमचे वडील वेशीत कधी बसणार? शेजारी आपल्या मंडळीतला नाही, असे कोणी म्हणेल. रूथ तरी कोणत्या मंडळीतली होती?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुम्हाला लिहिता येते. उपासनेनंतर तासभर वृद्धांजवळ बसा. शेत कोणत्या ओढ्याकाठी, आजा कोठे पुरला, विहीर कोणी खणली हे त्यांच्याच शब्दांत उतरवा, वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या. ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे जाताना त्यांना एकटे पाठवू नका.