माडी, महसूल आणि अपराध

सिंधुदुर्गाच्या सीमेवरील बांद्यापलीकडून आलेली गोवा बनावटीची दारू महामार्गावर पकडली गेली, की मुद्देमालाच्या खोक्यांमागे उभ्या केलेल्या पोरसवदा चालकाचे छायाचित्र तळेऱ्याच्या तिठ्यावर हातोहात फिरते. आणि ज्यांच्या घरी परवान्याच्या दुकानातली बाटली निर्धास्त ठेवलेली असते, तेच सद्गृहस्थ त्याला दरोडेखोरांच्या पंक्तीला बसवून ‘जिल्ह्यात गुन्हेगारी बोकाळली’ असा निकाल देऊन मोकळे होतात. कायद्याने जे वर्ज्य ते नीतीनेही निंद्य, हे समीकरण आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासापुढे टिकत नाही.

स्मृतिकारांनी सुरापान महापातकांत घातले, पण त्याचा दोष वर्णपरत्वे कमीअधिक मानला. कौटिल्याने सुराध्यक्ष नेमून त्याच व्यसनावर राजाचे उत्पन्न उभारले. आणि समाजमनाला जे दुखावते त्यालाच समाज अपराध म्हणतो, असे डर्कहाइमने प्रतिपादिले. हे सर्व वाचकांस परिचित आहे. गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. मुंबई इलाख्यात दारू गुन्ह्याच्या सदरात आली ती 1949 च्या दारूबंदी अधिनियमाने, म्हणजे गांधीप्रणीत नैतिक आग्रहातून, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे.

खरा पालट 1878 च्या अबकारी कायद्याने घडविला. मक्ते आणि पट्ट्या त्यापूर्वीही होत्या. परंतु माडीसाठी माडावर चढून पोय (फुलोऱ्याचा कोंब) बांधणारा, तिचे टोक नित्य तासून खाली मडके लावणारा भंडारी हा गावगाड्यातला एक उद्यमी मानला जाई. त्या कायद्यानंतर माड तोच, मडके तेच आणि माणूसही तोच राहिला. परवाना आणि झाडावरचा कर यांवाचून केलेले तेच काम मात्र दंडनीय ठरले. इलाख्याचे तत्कालीन अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणाला चिंता होती ती खजिन्याची, आणि गाळप मोजक्या सरकारमान्य भट्ट्यांत आणले म्हणजे वसुली सुलभ होते, हा त्यातला हिशेब होता. कोणाचेही समाजमन दुखावले नसताना अपराध मात्र जन्मास आला, आणि डर्कहाइमच्या सिद्धांताला येथेच खीळ बसते. पुढे 1949 च्या अधिनियमाने दारूबंदीचे धोरण आणि जुना अबकारी कायदा एकत्र केले, हे त्याच्या दीर्घ शीर्षकातच नमूद आहे. महसुली गुन्ह्याला नीतीची वस्त्रे चढली ती तेव्हा. बंदी कालांतराने सैल झाली, शासन दारूवरील शुल्क घेऊ लागले, पण ती वस्त्रे अद्याप उतरलेली नाहीत. म्हणूनच गोव्यात राजरोस विकत घेतलेली बाटली सीमा ओलांडताच पापमय होते, वास्तविक फरक पडलेला असतो तो करात.

मग दारूच्या धंद्यात खरा अपराध नाहीच काय? अवश्य आहे. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल पाजणाऱ्याला कोणत्याही राज्यात, कोणत्याही काळात गुन्हेगारच म्हटले पाहिजे. त्याला आणि कर चुकविणाऱ्याला एकाच शब्दाने संबोधिल्यास पहिल्याचे पाप हलके होते आणि दुसऱ्याचे आयुष्य डागाळते. कर बुडविला असेल तर सरकारने दंड जरूर वसूल करावा. पण संपादकांनी छायाचित्र छापण्यापूर्वी आणि गावकीने पोराचे नाव टाकण्यापूर्वी एवढे विचारावे, की त्याच्या हातून नुकसान झाले ते शेजाऱ्याचे, की केवळ खजिन्याचे?