भाकरीवरचा आळ

साताऱ्यातल्या एका घरात सातवीतल्या बाळूच्या ताटावर सगळ्यांचा डोळा असे. बाबा दर रविवारी त्याला काट्यावर उभं करत. आई तिसरी भाकरी वाढण्याआधी नवऱ्याकडे बघे. सगळ्यांदेखत पोराचं वजन करणं हा उपचार नव्हे, शिक्षा आहे. पण घरात कुणाला तसं वाटत नव्हतं. बाळू खो-खोला जायला लागला, तेव्हा आज्जीनं वेगळीच काळजी काढली. "खेळून आला की वखवखल्यागत खाणार. आधीच अंग भरलंय. घरीच बसू दे त्याला."

बाळूला ते बरंच वाटलं. खो-खोच्या पाटीत बसल्यावर उठताना त्याला हात टेकावे लागत आणि पोरं चिडवत. शाळेतला पीटीचा तास तर कधीच स्कॉलरशिपच्या गणिताला गेला होता. तो फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन मोबाइल बघत बसला.

चार दिवसांनी खो-खोचे सर घरी आले. आज्जीनं कारण सांगितलं. सरांनी वाद घातला नाही.

"आज्जी, तुमची शंका पुष्कळांना येते. आपण तपासून बघू. महिनाभर त्याला पाठवा आणि तो काय काय खातो ते तुम्हीच लिहून ठेवा. त्याला मात्र काही बोलू नका."

आज्जी चौथी शिकलेली, पण हिशेबाला पक्की. महिन्यानं तिनं वही सरांसमोर ठेवली. खेळून आला त्या रात्री भाकऱ्या दोनच. घाम वाळेपर्यंत तर तो ताटाकडे बघायचाही नाही, नुसतं पाणी मागायचा. रविवारी खेळ नसे, तेव्हाही भाकऱ्या दोनच. पण जेवणाआधी फरसाणाचा डबा अर्धा झालेला. आणि एक नोंद जवळजवळ रोजची होती: मैदानावरून आणताना बाबा 'दमला असेल' म्हणून वडापाव आणि कोल्ड्रिंक घेऊन देत.

सरांनी साखरेचा डबा मागितला. रिकाम्या पेल्यात एकेक चमचा टाकत गेले आणि पाच चमचे झाल्यावर थांबले. "कोल्ड्रिंकच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण एवढी साखर असते. कधी याहून जास्त. दम लागेस्तोवर पळालं की काही वेळ भूक दबते. फ्रान्समध्ये वजन जास्त असलेल्या मुलांना जोरकस व्यायाम करायला लावून पुढच्या जेवणाचं मोजमाप केलं, तेव्हा ती जास्त नव्हे, उलट काहीशी कमीच खाताना दिसली. वजन भाकरीनं वाढत नाहीये, आज्जी. बक्षिसानं आणि बैठकीनं वाढतंय."

कोल्ड्रिंक बंद झालं. वडापाव महिन्यातून एकदा, तोही घरी सगळ्यांनी मिळून. पण दिवाळीत बाबांनी पुन्हा वजनकाटा काढला, तर आकडा तोच! "मग एवढ्या पळापळीचा उपयोग काय?"

या वेळी उत्तर आज्जीनं दिलं. "गेल्या साली अजिंक्यताऱ्यावर जाताना हा तीनदा बसला होता. परवा दरवाजापर्यंत माझ्याशी बोलत चढला, मीच थांबत होते. आणि चौकटीवरची खूण बघ, दोन बोटं उंच झालाय."

सरांनीही तेच सांगितलं. वाढत्या वयात उंची वाढली आणि वजन जागच्या जागी राहिलं, तर ती सुधारणाच आहे. काट्याचा आकडा हलला नाही तरी नियमित व्यायामानं हृदयाची ताकद वाढते, इन्सुलिन नीट काम करू लागतं. मधुमेहाचा धोका टाळायला हे फार मोलाचं. आहारात याहून मोठा बदल करायचा, तर तो डॉक्टरांना विचारून. वाढत्या पोराला उपाशी ठेवून नव्हे.

बाळू आता पाटीतून हात न टेकता उठतो. शाळेच्या संघात त्याची निवड अजून झालेली नाही, तरी तो रोज जातो.

५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलांच्या शाळेत पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला जात असेल, तर पुढच्या पालकसभेत तो परत मागा.