तारेतला गंधार आणि नसलेला खरज

तंबोऱ्याची खरजाची तार एकटीच छेडावी आणि तिची आस विरेपर्यंत कान देऊन बसावं. जवारी नीट लागलेली असेल, तर थोड्या वेळाने त्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागतो. तंबोऱ्यात गंधाराला लावलेली तार नसतेच. म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता मोबाईलवरचं तंबोऱ्याचं ॲप लावा. काळी एकच्या पट्टीत मध्य षड्ज साधारण 138 हर्ट्झचा आणि खरज त्याच्या निम्मा, 69 हर्ट्झचा. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा स्वर झेपत नाही. तरी आपल्याला खरज ऐकू येतो. म्हणजे हवेत असलेला गंधार ऐकायला रियाज लागतो आणि हवेत जवळपास नसलेला खरज कुणालाही आपोआप ऐकू येतो. या दोन गोष्टींची सांगड घालता घालता विज्ञानाची तीनएकशे वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ कानाला खोटं ठरवण्यात गेला.

गंधाराचं कोडं आधी सुटलं. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636च्या आपल्या ग्रंथात एकाच तारेतून वरचे स्वरही ऐकू येतात अशी नोंद केली, पण एक तार एकाच वेळी अनेक वेगांनी कशी हलेल, हे त्याला उमगेना. 1701च्या सुमारास जोझेफ सोव्हरने दाखवलं की तार अखंड हलता हलताच दोन, तीन, चार, पाच समान भागांतही हलत असते. पाच भागांतल्या कंपनाचा वेग मूळच्या पाचपट, आपल्या खरजाच्या हिशेबात 346 हर्ट्झच्या आसपास. तोच दोन सप्तकं वरचा गंधार. गंमत म्हणजे सोव्हरला स्वतःला बेताचंच ऐकू येई. स्वर पारखायला तो संगीतकारांना हाताशी धरायचा.

तंबोऱ्यात हे वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, इतके ठळक का, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना, 1921च्या सुमारास घेतला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा थॉमस यंगचा नियम होता. तंबोरा तो सरळ मोडतो. घोडीचा माथा सपाट नसून किंचित गोलाई असलेला असतो, तार त्यावर घासत कंप पावते, आणि खाली सरकवलेल्या दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधला जातो. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात ती हीच.

खरजाचं प्रकरण मात्र भांडणाचं निघालं. 1841मध्ये आउगुस्ट सीबेकने भोकं पाडलेली फिरती चकती घेऊन तिच्यावर हवेचा झोत सोडला. भोकांमधली अंतरं त्याने अशी बदलली की गणिताने मूळ स्वर अगदी क्षीण निघावा. कानाला तो ठणठणीत ऐकू येई. विजेच्या नियमामुळे शाळेपासून आपल्या ओळखीचे असलेले गेओर्ग ओम यांनी 1843मध्ये फूरियेचं गणित पुढे केलं: कान ध्वनीची फोड साध्या लहरींमध्ये करतो, आणि जी लहर त्यात आहे तिचाच स्वर ऐकू येतो. मग सीबेकला काय ऐकू आलं? ओम म्हणाले, भ्रम. सीबेकचं म्हणणं साधं होतं: स्वर म्हणजे काय, याचा निवाडा कानाखेरीज दुसरं कोण करणार? मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण सीबेक 1849मध्ये वारला आणि हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या मातब्बर जर्मन शास्त्रज्ञाचं वजन ओमच्या पारड्यात पडलं. 1863च्या त्याच्या ग्रंथाने कानातल्या शंखाकृती नळीत प्रत्येक स्वराला आपापली जागा नेमून दिली. नसलेला स्वर ऐकू आलाच, तर तो कानाच्या यंत्रणेतल्या विकृतीने खरोखर तयार होतो, असं स्पष्टीकरण पुढे रूढ झालं.

तसं असेल, तर तो खोडूनही टाकता यायला हवा. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत यान शाउटेन यांनी 1940च्या सुमारास नेमकं तेच केलं. उलट्या कलेची लहर मिसळून त्यांनी मूळ स्वर पुसला, तरी खालचा स्वर ऐकू येतच राहिला. सीबेकची बाजू शंभर वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

इथे एक वेगळा धागाही आहे. कान नुसता ग्रहण करतो, हीच समजूत 1948मध्ये थॉमस गोल्डने नाकारली. शंखातल्या द्रवात कंपनं इतकी दबतील की कान स्वतः शक्ती ओतत असल्याखेरीज बारीक स्वरभेद कळणारच नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. (स्थिर विश्वाचा सिद्धांत त्याच वर्षी मांडणाऱ्या तिघांपैकी हा एक, दुसरे फ्रेड हॉईल, आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू.) गोल्डला फारसं कुणी विचारलं नाही. गेओर्ग फॉन बेकेशीला 1961चं नोबेल मिळालं ते मुख्यतः मृत शंखांवरच्या निरीक्षणांसाठी, आणि मेलेला कान शक्ती कुठून ओतणार! 1978मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने कानात छोटा मायक्रोफोन बसवून कानातूनच बाहेर येणारा क्षीण ध्वनी टिपला. नवजात बाळांचं ऐकणं आज त्यावरूनही तपासतात.

पण खरज कोण जुळवतो हे त्याने सुटलं नाही. त्याचं उत्तर 1972च्या हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगाने बरंच पुढे नेलं. त्यांनी एक उपस्वर डाव्या कानात, दुसरा उजव्यात दिला. कोणत्याही एका कानात जुळवणी करण्याइतका ऐवज नव्हता, तरी ऐकणाऱ्यांनी नसलेल्या मूळ स्वरांची धून ओळखली. म्हणजे ही जुळणी निदान काही अंशी तरी दोन्ही कानांचे निरोप जिथे एकत्र येतात तिथे, मेंदूत, होते. 2005मध्ये बेंडर आणि वांग यांना मार्मोसेट माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी सापडल्या, ज्या एखाद्या स्वराला जशा चेततात तशाच, तो स्वर गाळून नुसते त्याचे उपस्वर ऐकवले तरी चेततात.