दानाची वेळ

11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले आणि त्याच दिवशी अमेरिकेतल्या शहरोशहरी रक्तपेढ्यांपुढे रांगा लागल्या. लोक तासन्‌तास ताटकळले. कित्येकांची रक्त देण्याची ही पहिलीच खेप होती. पुढच्या काही आठवड्यांत या हल्ल्यातील जखमींच्या नावाने सुमारे पावणेपाच लाख पिशव्या रक्त जमा झाल्याचा अंदाज आहे. जखमींना त्यातल्या 260 पिशव्याही लागल्या नाहीत. जवळपास 3000 माणसे मारली गेली, ती बहुतेक जागीच. जे वाचून रुग्णालयात पोहोचले त्यांना आधीच साठ्यात असलेले रक्त पुरले.

पुढे हजारो पिशव्या मुदत उलटल्याने टाकून द्याव्या लागल्या. दान करणाऱ्याची श्रद्धा कितीही अपार असली तरी रक्ताला स्वतःचे आयुष्य असते. साठवलेल्या तांबड्या पेशी 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम 5 ते 7. अमेरिकी नियमानुसार एकदा पूर्ण रक्त दिलेल्या माणसाला 56 दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे 11 सप्टेंबरला घेतलेल्या तांबड्या पेशी 23 ऑक्टोबरला बाद होणार आणि तो दाता 6 नोव्हेंबरपर्यंत पुन्हा येऊ शकणार नाही. शिवाय दिलेले रक्त लगेच कोणाला चढवता येत नाही. रक्तगट ठरवणे, एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या, घटक वेगळे करणे यात एक-दोन दिवस जातात. अपघाताच्या क्षणी जीव वाचवते ते कोणीतरी आठवड्यापूर्वी, काहीही घडलेले नसताना दिलेले रक्त.

मग जे रक्त कोणाच्याच अंगात गेले नाही, ते दान होते की नव्हते? इमॅन्युएल कान्टने 1785 साली मांडलेले मत असे की सदिच्छेचे मोल तिच्या फळावर ठरत नाही. काहीच साधले नाही तरी ती स्वतःच्या तेजाने झळकते. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हा मोठाच दिलासा. पण कान्टने तिथेच एक अट घातली आहे: सदिच्छा म्हणजे नुसती हौस नव्हे, हाताशी असलेली सगळी साधने पणाला लावणे त्यात आले. आणि आत्ता गरज आहे का, हे विचारणे हेही एक साधनच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायातली कसोटी याहून नेमकी आहे. परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्राला दिलेले दान सात्त्विक. अकाळी, अपात्री आणि अवहेलनेने दिलेले ते तामस. सप्टेंबरच्या त्या रांगांत काळ चुकला होता, पण अवहेलनेचा लवलेश नव्हता. त्यांना तामस म्हणणे अन्यायाचे होईल. त्या सात्त्विकाच्या उंबरठ्यावर येऊन थांबल्या, असे म्हणणे जास्त खरे. तिथे राहून गेले होते ते घेणाऱ्याच्या गरजेला देणाऱ्याच्या ओढीपेक्षा वरचे स्थान देणे.

ती ओढ मात्र क्षुद्र नव्हती. मृतदेहही हाती न लागलेल्या माणसांसाठी शोक कसा करायचा, हा त्या देशापुढचा प्रश्न होता, आणि दंड पुढे करणे हे त्याचे एक उत्तर होते. देण्यातून माणूस समाजाचा होतो. म्हणूनच देऊ न देणे हीही एक जखम ठरते. 12 जून 2016 रोजी ऑर्लँडोमधील पल्स या समलिंगी समुदायाच्या क्लबमध्ये 49 जणांची हत्या झाली. या वेळी जखमींना रक्त खरोखर हवे होते, आवाहनही झाले. पण पुरुषाशी शरीरसंबंध असलेल्या पुरुषाला त्यानंतर वर्षभर रक्त देता येत नाही, असा तेव्हा नियम होता. आपली माणसे गेली आणि त्यांच्यासाठी रांगेत उभे राहायलाही बंदी, हे दुःख त्या समुदायातल्या अनेकांनी बोलून दाखवले. 2023 मध्ये सगळ्या दात्यांना त्यांच्या वैयक्तिक धोक्याविषयी सारखेच प्रश्न विचारण्याची पद्धत आली, तेव्हा ही अडवणूक बरीचशी सुटली.

बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची, घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभे करण्याची. तिच्या खालोखाल, देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत अशी. रक्तदान सहसा या दुसऱ्या पायरीवरचे असते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात रक्त विकत घेण्याला विरोध केला, त्याच्या मुळाशी हेच अनोळखीपणाचे नाते होते. राष्ट्रीय शोकात दाता मनाशी एका चेहऱ्याची कल्पना करून येतो. प्रत्यक्षात ते रक्त जाते प्रसूतीत रक्तस्राव झालेल्या बाईला, थॅलेसेमियाच्या मुलाला, कर्करोगाच्या रुग्णाला. म्हणूनच मोठ्या दुर्घटनेनंतर रक्तपेढ्या अनेकदा दात्यांना आजच न येता काही आठवड्यांनंतरची वेळ घेऊन ठेवायला सांगतात.